फौजीचा समुपदेशनाचा कॉल घरच्यांनी ऐकावा का?

लामरोडकर
तोफखान्यातून सुटून नऊ वर्षं झाली. झोप नाही, वरातीत फटाका वाजला तरी हात थरथरतो. समुपदेशन व्हिडिओ कॉलवर चालतं. घर दोन खोल्यांचं, म्हणून स्कूटर काढून दारणेच्या पुलावर जातो आणि तिथून बोलतो. परवा बायकोनं विचारलं, "दर गुरुवारी कोणाशी बोलता?" तिला भलताच संशय! ॲपला कितीही कुलपं घाला, गोष्ट फुटते ती घरातून. "जवळ कोण आहे?" एवढं तरी समुपदेशकानं आधी विचारावं. मला पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

(गोऱ्यांनी आपल्या देवळालीवरूनच डोकं फिरलेल्याला 'डुलाली' म्हणायला सुरुवात केली. बोटीची वाट बघत छावणीत कुजणारे सोजीर ते. आता या गावात कोण तोंड उघडणार?)

भगूरची सून
भाऊ, राग मानू नका. माझे दीरही फौजेतले. त्यांनी सगळं लपवलं. आम्हाला कळलं तेव्हा गोळ्या बंद करून तीन महिने झाले होते. रात्री तीनला उठून जी पाणी देते, तिच्यापासून कसली गुप्तता? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी नेमता येतो. वहिनींचं नाव द्या.

लामरोडकर
ताई, नाव कोणाचं द्यायचं आणि कधी, ते मीच ठरवणार ना? त्याच कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, कलम २४ तो डिजिटल नोंदींनाही लावतं. जिवाला धोका असेल तर सांगता येतं, पण गरजेपुरतंच. दिरांची गोष्ट वाईटच, पण ते लपवायचे कशापायी, हे कोणी विचारलं का?

सिडकोचा गनमॅन
मला बायकोची नाही, परवान्याची भीती. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा असतो. मन ठिकाणावर नसलेल्याला परवाना नाकारता येतो. झोप न येणं म्हणजे वेड नव्हे, पण कागद बघणाऱ्याला कोण समजावणार? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दोनदा लावला, रिंग वाजली की कापला. लष्करवाल्यांसाठी २०२३ पासून पुण्याला एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेली-मानसचा वेगळा कक्ष आहे. तिथं तर आपल्याच पलटणीतलं कोणी उचलेल, असं वाटत राहतं.

रात्रपाळी
मी मनोविकार वॉर्डात ब्रदर आहे. गनमॅनदादा, निनावी राहून औषध मिळत नाही. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरला रुग्णाची ओळख पटवावी लागते, नोंदही ठेवावी लागते. ती नोंद कोणाच्या हाती पडते, त्यावर भांडा. मी तुमच्या बाजूनं येतो.

आणि लामरोडकर, "जवळ कोण आहे" याच्याआधी "तुम्ही कुठे आहात" विचारायला हवं होतं. बोलता बोलता कॉल तुटला तर माणूस पाठवायचा कुठे? तुम्ही पुलावर उभे असता हे वाचूनच माझ्या पोटात गोळा आला.

लामरोडकर
हे डोक्यातच आलं नव्हतं, शपथ. तिथं रेंज चांगली येते, इतकंच.

भगूरची सून
गुरुवारी वहिनींना आमच्याकडे पाठवा, हळदीकुंकू आहे म्हणा. तासभर घर तुमचं.