सिग्नलिंग मॉलिक्युलला मराठीत काय म्हणावं?

शुभदा_क
दिवाळी अंकासाठी एक वैद्यकीय लेख मराठीत आणतेय. अडलंय ते इथे: हायड्रोजन सल्फाइड हा वायू यूरिनरी ट्रॅक्टच्या कामातला सिग्नलिंग मॉलिक्युल, म्हणजे पेशींना काय करायचं ते कळवणारा रेणू. मी लिहिलं, 'मूत्रमार्गाच्या कार्यातला संदेशवाहक रेणू'. संपादकांनी दोन्ही शब्द खोडले. मूत्रमार्ग म्हणजे फक्त शेवटची नळी आणि संदेश माणसं पाठवतात, वायू नव्हे, असं त्यांचं म्हणणं. लेखाचा भर तर मूत्राशयावर आहे. काय करू?

मुळाक्षर
नळीबद्दल संपादकांचं बरोबर आहे. पचनसंस्था तशी मूत्रसंस्था, सरळ तेच घ्या. आणि हायड्रोजन सल्फाइड कशाला? 'उद्जन' आहे, 'गंधक' आहे, त्यांतून शब्द घडवता येतो. आपण वापरले नाहीत तर ते कोशातच राहतील.

ओपीडीवाला
मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला तरी रोज आम्ही 'मूत्रमार्गाचा संसर्ग' असंच सांगतो आणि पेशंटला ते कळतं. रुळलेला शब्द काढू नका. उद्जन म्हटलं तर दहावीचं पोरही थबकेल.

संदेशवाहक मात्र ठेवाच. हा वायू आपल्याच पेशी सिस्टीन या अमिनो आम्लापासून विकरांच्या मदतीने बनवतात, अगदी थोडा. मेंदूत त्याचं असं काम असावं हे आबे आणि किमुरा यांनी 1996 मध्ये मांडलं. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडनंतरचा हा तिसरा संदेशवाहक वायू.

रानजाई
मग 'शिथिलक वायू' म्हणा की! नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, 1998 चं नोबेल त्यावरच होतं.

ओपीडीवाला
नाही चालणार, ताई. डुकराच्या मूत्राशयाच्या मानेशी हा वायू स्नायू सैल करतो. उंदराच्या मूत्राशयाच्या पट्टीवर दिला, तर तिथल्या संवेदी चेतातंतूंना चेतवून तोच वायू स्नायू आकसवतो. निरोप एकच, पण ऐकणारा कोण त्यावर परिणाम ठरतो. म्हणून नावात परिणाम घालू नये, काम घालावं.

मुळाक्षर
मग 'संकेतक'. संदेशवाहक म्हणजे दुसऱ्याचा संदेश वाहून नेणारा. इथे रेणू स्वतःच संदेश आहे.

शुभदा_क
हा फरक पटतोय. पण पेशीत प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या एमआरएनए या रेणूला संदेशवाहक म्हणतात, वाचकाला तो ओळखीचा आहे.

दाभोळकर_आजोबा
आमच्या कॉलेजात किपच्या उपकरणातून हाच वायू यायचा. आयर्न सल्फाइडवर आम्ल ओतायचं, वायू द्रावणात सोडायचा, कॅडमियम असलं की पिवळाधमक साका. सडक्या अंड्यांचा तो वास शर्ट धुतला तरी जात नसे. आम्ही त्याला नुसतं 'एचटूएस' म्हणायचो. तेच लिहा.

कोकणातल्या गरम झऱ्यांना तोच वास येतो. राजापूरजवळच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. आणि लघवीला आग होते ती 'उन्हाळी लागणे'! वास आणि मूत्राशय, दोन्हींचा संबंध आपल्या पूर्वजांनी जोडला होता, असं मला ठाम वाटतं.

रानजाई
आजोबा, दोन्ही शब्द 'उष्ण'वरून आलेत, उन्हाळाही तसाच. झरा उष्ण आणि लघवीची आगही उष्ण, गंधकाचा त्यात काही हात नाही. आमची आजी उन्हाळी लागली की धन्याचं पाणी द्यायची, झऱ्याचं नव्हे.

मुळाक्षर
उन्हाळी हा शब्द ऋतूवरून आला. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, लघवी गडद होते, जळजळते. म्हणून उन्हाळी.

रानजाई
मग थंडीत कोणाला ती लागत नाही का? माझ्या सासूबाईंना ऐन पौषात लागली होती आणि त्या 'उन्हाळी'च म्हणाल्या. ऋतू नाही, उष्णताच.

ओपीडीवाला
पेशंट मला वर्षभर 'उन्हाळी लागलीय' असंच सांगतात. पण ते फक्त जळजळीला म्हणत नाहीत, थेंबथेंब होते, अडते, त्यालाही म्हणतात. त्यामुळे निव्वळ 'आग' हा अर्थ अपुरा आहे.

दाभोळकर_आजोबा
थेंबथेंब होते त्याला आमच्याकडे उन्हाळी कोणीच म्हणत नाही. तुमचे पेशंट कुठल्या भागातले?