मध कुणी चाटवला? – सोसायटी जनरल ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे

मृणाल बी-७०२: नमस्कार. टाकू की नको असा दुपारपासून विचार करतेय, पण टाकतेच. काल संध्याकाळी गार्डनमध्ये ईराला मध चाटवला गेला. तिला अजून सहा महिने पूर्ण नाहीत, अजून पाण्याचा थेंबही दिलेला नाही. कृपा करून, कितीही प्रेमाने असलं तरी, दुसऱ्याच्या बाळाच्या तोंडात विचारल्याशिवाय काही घालू नका. नाव घेत नाही.

रोहित बी-९०३: नाव घेत नाही म्हटलं की चारही विंगना नाव कळतं 😄

सावंत (सेक्रेटरी) ए-८०१: मृणाल, आपली भावना समजली. सर्वांनी नोंद घ्यावी. तसेच उद्या टँकर उशिरा येणार असल्याने सकाळी १० ते १२ पाणी बंद राहील.

प्रधान काका सी-३०४: मध सोडा. डाळीचं पाणी सुरू करा. आमची दोन्ही मुलं चौथ्या महिन्यापासून डाळीच्या पाण्यावर वाढली. एक आज अमेरिकेत आहे.

रोहित बी-९०३: आणि दुसरा?

प्रधान काका सी-३०४: दुसरा ठाण्यातच आहे. पण उत्तम आहे.

गोडबोले आजी बी-४०४: मी चाटवला पूर्णविराम बोटाला लावून इवलासा पूर्णविराम महाबळेश्वरहून आणलेला मध आहे स्वल्पविराम दुकानातला नव्हे पूर्णविराम आमच्याकडे बाळ जन्माला आल्या आल्या मध चाटवायचे पूर्णविराम अरे हे बंद कुठून करायचं

रोहित बी-९०३: आजी, बोलून टाइप करताना विरामचिन्हं सांगायची नसतात

गोडबोले आजी बी-४०४: नातवाने असंच शिकवलंय पूर्णविराम

सुनंदाकाकू बी-७०२: मृणाल, घरात बोलता आलं असतं. मी तिथेच बाकावर बसले होते. ग्रुपवर टाकायच्या आधी मला एका शब्दाने विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

मृणाल बी-७०२: आई, घरात बोलले असते तर ते आपल्या दोघींतच राहिलं असतं. गार्डनमध्ये रोज सगळ्या असतात. परवा कुणीतरी चहात बुडवलेलं बिस्किट पुढे केलं होतं, तेव्हा मी गप्प बसले होते.

सुनंदाकाकू बी-७०२: 🙏

रोहित बी-९०३: हा नमस्कार नाही. ही नोटीस आहे.

निखिल बी-७०२: मीटिंगमध्ये आहे, नंतर वाचतो.

आरती सी-६०१: निखिल, रात्री साडेनऊला कसली रे मीटिंग? खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलेला दिसलास आत्ता.

प्रधान काका सी-३०४: डाळीचं पाणी. वर लिहिलं आहे. कुणी वाचलेलं दिसत नाही.

मनीषा डी-६०४: डॉक्टर, तुम्ही काहीतरी सांगा ना. मधाने खरंच काही होतं का?

डॉक्टर डी-२०३: मी हाडांचा डॉक्टर आहे हे ह्या ग्रुपवर दर पावसाळ्यात सांगतो. वैशालीताईंना विचारा. त्यांची सगळी नोकरी शहापूर-मुरबाडच्या अंगणवाड्यांत गेली आहे.

वैशालीताई ए-१०३: आजी, राग मानू नका. मध शुद्ध की भेसळीचा, हा मुद्दाच नाही. उत्तम मधातही क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथेच विष तयार करतात. घरी मध उकळला तरी ते मरत नाहीत. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. गुटीतही नाही.
मृणाल, हे फार क्वचित होतं, रात्रीची झोप घालवू नकोस. फक्त पुढचे काही आठवडे लक्ष ठेव. शी अडकली, रडण्याचा आवाज बारीक झाला, दूध ओढायला जोर लागेना, मान ढिली वाटली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे ने. आणि मध चाटवला होता हे आठवणीने सांग, त्याशिवाय त्यांना सुचायचं नाही.

मृणाल बी-७०२: थँक्यू ताई. एवढंच कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं.

गोडबोले आजी बी-४०४: माझी चारही मुलं मध चाटून मोठी झाली पूर्णविराम पण वैशाली म्हणते तर मध ठेवून देते पूर्णविराम मात्र सहा महिने नुसतं दूध म्हणजे बाळ उपाशीच की प्रश्नचिन्ह

वैशालीताई ए-१०३: उपाशी नाही आजी. पहिले सहा महिने आईच्या दुधात पाणीसुद्धा आलं, आपल्या ह्या उकाड्यातही. मात्र सहा महिने झाल्यावर नुसतं दूध पुरत नाही. जन्मताना बाळाने आणलेला लोहाचा साठा तोवर संपत येतो आणि दुधात लोह अगदी कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी ६७ जणांच्या अंगात रक्त कमी निघालं. हे फक्त पाड्यावरचं नाही हं, टॉवरमधलंही आहे. घाई करू नये आणि उशीरही करू नये.

सुनंदाकाकू बी-७०२: मी काय वेगळं सांगत होते? मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचव्यात करू म्हटलं तर हिने डॉक्टर पुढे केले.

वैशालीताई ए-१०३: काकू, सहा महिने पूर्ण कधी होतात?

मृणाल बी-७०२: २० तारखेला.

वैशालीताई ए-१०३: मग २० नंतर सातवा चालू. सात विषमच. तुमची रीतही पाळली गेली आणि डॉक्टरही खूश. पंचाईत मुलाची असते, त्याला सम महिना हवा, म्हणजे सहाव्यात करा नाहीतर थेट आठव्यात जा. तिथे मी सांगते, विधी आठव्यात करा, घास सातव्यात सुरू करा. देव काही म्हणत नाही.

सुनंदाकाकू बी-७०२: सातवा चालेल. मामा नाशिकहून यायला हवा.

रोहित बी-९०३: मामाला आदल्या दिवशी निघायला सांगा. भिवंडी बायपास आणि माजिवडा ओलांडेपर्यंत ईरा भाकरी खायला लागेल.

समीर डी-१००१: मधाचं झालं असेल तर एक विचारतो. रविवारी वर्धापनदिनाला बाळांच्या डबाबंद सीरियलवाल्यांना स्टॉल दिलाय. फुकट पाकिटं आणि वाटी-चमचा वाटणार आहेत म्हणे. हे कमिटीत कुणी ठरवलं?

शहाभाई (खजिनदार) सी-५०२: मी ठरवलं. पाच हजार देतायत. टँकरचं बिल बघितलंत का ह्या महिन्याचं?

समीर डी-१००१: १९९२चा कायदा आहे, २००३ला आणखी कडक केलेला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या अन्नाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, प्रचारासाठी भेटवस्तू देता येत नाहीत. वाटी-चमचा म्हणजे भेटवस्तूच.

शहाभाई (खजिनदार) सी-५०२: तुम्हाला कायदा कमिटीच्या विरुद्धच आठवतो. व्हिजिटर पार्किंगमध्ये तुमची दुसरी गाडी कुठल्या कायद्याने उभी असते?

समीर डी-१००१: विषयाला धरून बोला.

रोहित बी-९०३: गाडी दोन वर्षांच्या आतली आहे का?

सावंत (सेक्रेटरी) ए-८०१: कृपया वैयक्तिक टीका टाळावी. हा जनरल ग्रुप आहे.

प्रधान काका सी-३०४: स्टॉल कशाला, सीरियल कशाला. डाळीचं पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. खर्च शून्य.

वैशालीताई ए-१०३: काका, तुमच्याशी वाद घालायला मी धजावत नाही, पण तुम्हीच सांगा, डाळीच्या पाण्यात डाळ किती असते? डाळ तळाशी, ती आपण खातो आणि वरचं पिवळं पाणी बाळाला. मूठभर पोट त्याचं, ते पाण्यानेच भरलं तर बाकी कशाला जागा राहणार? डाळच घोटून द्यायची. चमच्यात घेऊन चमचा तिरका करायचा. धार लागली तर पातळ. चमच्यावर थांबून हळूच घसरलं तर बरोबर. वरून अर्धा चमचा तूप. मीठ-साखर वर्षभर नको.

प्रधान काका सी-३०४: मीठ नसेल तर चव कशी येणार?

वैशालीताई ए-१०३: चव तुम्हाला येत नाही. तिने मीठ अजून चाखलंच नाहीये.

डॉक्टर डी-२०३: काका, तुम्हालाही मीठ बंद सांगितलंय. त्याचं काय झालं?

प्रधान काका सी-३०४: विषयाला धरून बोला.

मनीषा डी-६०४: ताई, मृणालने सुरुवात नेमकी कशाने करायची? नाचणी सत्त्व?

गोडबोले आजी बी-४०४: खिमट पूर्णविराम दोन वाट्या जुने तांदूळ स्वल्पविराम एक वाटी सालाची मूगडाळ पूर्णविराम धुवायची स्वल्पविराम पंचावर पसरून घरातच वाळवायची स्वल्पविराम उन्हात नाही पूर्णविराम मग मंद आचेवर भाजायची स्वल्पविराम तांदूळ फुलायला लागला की बंद पूर्णविराम रवाळ दळून डब्यात भरायची पूर्णविराम रोज दोन चमचे पाण्यात कालवून शिजवायचं आणि हलवत राहायचं स्वल्पविराम नाहीतर गुठळी होते आणि पोर थुंकतं पूर्णविराम

वैशालीताई ए-१०३: ह्याच्यापुढे कुठलाही डबा नको. आजींचं खिमट एक नंबर. त्यात उकडलेला लाल भोपळा, गाजर, पालक घोटून घालत जायचं, शेवटी लिंबाचे दोन थेंब. लिंबाने डाळीतलं, पालकातलं लोह अंगी लागतं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि तेव्हा मिक्सर बंद, बोटांनी कुस्करून. दूध चालूच, दोन वर्षांपर्यंत. नवीन पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस तोच.

आरती सी-६०१: मी घरगुती नाचणी सत्त्व करते 🙏 जांभळी नाक्यावरून निवडक नाचणी, मोड आणून, वस्त्रगाळ. पाव किलोपासून ऑर्डर घेते.

समीर डी-१००१: आरतीताई, बाळासाठी म्हणून विकलंत तर तुम्हीही त्या कायद्यात येऊ शकता.

आरती सी-६०१: अहो आमच्या सासऱ्यांसाठी पण करते मी ते. त्यांना दात नाहीत.

रोहित बी-९०३: वयाचा पुरावा जोडून ऑर्डर द्यावी.

वैशालीताई ए-१०३: नाचणी चांगलीच, कॅल्शियम भरपूर. पण एकट्या नाचणीवर ठेवू नका. डाळ हवी, भाजी हवी, खात असाल तर अंडंही. नीट उकडून, पिवळा-पांढरा दोन्ही.

शहाभाई (खजिनदार) सी-५०२: ग्रुपवर मांसाहाराची चर्चा नको अशी विनंती. मागच्या वेळी ठरलं होतं.

समीर डी-१००१: मागच्या वेळी टेरेसवरच्या बार्बेक्यूचं ठरलं होतं. अंडं कुस्करण्याचं नाही.

सुनंदाकाकू बी-७०२: आमच्याकडे अंडं चालतं, पण वर्षाआधी शेंगदाणा-अंडं उष्ण पडतं म्हणतात. हे चालेल का वैशाली? खरं सांग.

वैशालीताई ए-१०३: चालेल काकू. पूर्वी डॉक्टरही थांबा म्हणायचे. २०१५ला लंडनमधला अभ्यास आला, ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता त्यांना लवकर शेंगदाणा दिला तर ॲलर्जी खूप कमी झाली. तेव्हापासून सल्ला उलटा झाला. मात्र ईराला अंगावर खूप इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि द्यायचं ते गुळगुळीत वाटून, खिमटात कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत हातात नको. अख्खं द्राक्षही नको, उभे काप करा.

मृणाल बी-७०२: मला त्याचीच भीती वाटते. घशात अडकलं तर?

वैशालीताई ए-१०३: खोकतेय, ओकारी काढतेय, चेहरा लाल झालाय, आवाज येतोय, तर तिचं तिला करू दे. बोट घालू नकोस, आत ढकललं जातं. आवाजच बंद झाला, तर मांडीवर आधार घेऊन हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. भरवताना बसवूनच भरव, आणि मोबाईल दाखवत नको.

निखिल बी-७०२: वाचलं सगळं. आई, मृणाल, मी वर येतोय.

आरती सी-६०१: ये बाबा. मीटिंग संपली वाटतं.

प्रधान काका सी-३०४: घोटलेली डाळ म्हणजे डाळीचं पाणीच, जरा घट्ट. मी तेच सांगत होतो.

सावंत (सेक्रेटरी) ए-८०१: कमिटीने आत्ता फोनवर चर्चा केली. सीरियलचा स्टॉल रद्द. समीर यांचे आभार. व्हिजिटर पार्किंगचा विषय मासिक सभेत घेतला जाईल.

समीर डी-१००१: त्याची गरज नव्हती.

शहाभाई (खजिनदार) सी-५०२: पाच हजार गेले. आता तिथे वडापाववाला येईल. तो दोनच देतो.

मनीषा डी-६०४: वैशालीताई, तो चमचा तिरका करायचा मेसेज पिन करा ना. वर शोधताना सापडत नाही.

सावंत (सेक्रेटरी) ए-८०१: पिनवर टँकरचं वेळापत्रक आहे.

गोडबोले आजी बी-४०४: मृणाल स्वल्पविराम खिमटाचा डबा उद्या सकाळी पाठवते पूर्णविराम २० तारखेपर्यंत उघडू नकोस पूर्णविराम सुनंदालाही उघडू देऊ नकोस

प्रधान काका सी-३०४: वडापावचा स्टॉल किती वाजता सुरू होईल?