गोल्फ कोर्सच्या नकाशावर मत द्यायचंय, मदत हवी (तातडीचं!)

रंकाळाकाठ: मंडळी, साहेबांना शनिवारपर्यंत सांगायचंय, कोर्स चांगला आहे का नाही. नकाशा हातात आहे, 9 होल, पार 36 (म्हणजे नऊ होल मिळून 36 फटक्यांत संपवायचे). मधी तळं पण आहे, दिसायला एक नंबर. मी आजवर सात-आठ वेळाच खेळलोय. नेमकं बघायचं काय? लवकर सांगा राव.

तर्कट: जमीन किती? कुठं? खेळणार कोण? कोर्स झालाय का व्हायचाय? काहीच लिहिलं नाहीस.

बंकरबहाद्दर: सोपं आहे. स्लोप रेटिंग बघ. 55 ते 155 असतं, 113 म्हणजे साधारण कोर्स. 130 च्या वर गेलं की कोर्स भारी. आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, मोज. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला 112 आहेत.

जुना कॅडी: भारी नव्हे, अवघड. कसलेल्या खेळाडूपेक्षा साधा माणूस किती जास्त मार खातो, एवढंच स्लोप सांगतो. माझी परीक्षा वेगळी. रात्री अंथरुणावर पडल्यावर नऊच्या नऊ होल डोळ्यांपुढं आले पाहिजेत. तिसरा कुठला नि सहावा कुठला असं झालं, तर पैसे पाण्यात. टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथं, उभं राहिलं की दोन वाटा दिसाव्यात: तळ्यावरनं मारून एक फटका वाचवायचा, का डावीकडनं गुमान जायचं. तळं नुसतं फोटोपुरतं असेल तर बुजवा.

बंकरबहाद्दर: आठवणीचं माप कुठल्या टेपनं घ्यायचं, काका?

जुना कॅडी: आणि कागदावरच्या कोर्सचं रेटिंग कुठल्या टेपनं, बाळा?

राजारामपुरीची: नवशिक्यांनी क्लबचा, म्हणजे काठ्यांचा, अख्खा सेट घेऊ नये. सात नंबरचं आयर्न नि पटर घ्या, पुष्कळ झालं.

तर्कट: ताई, त्यांनी क्लब विचारलेच नाहीत.

ऊसवाला: बर्मुडा गवत म्हणजे आपली हरळीच ना? आम्ही उसातनं उपटून उपटून मेलो, तुम्ही पैसे मोजून लावा!

जुना कॅडी: हरळीच, पण ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोकाभोवती, संकरित लावतात, तीन-चार मिलिमीटरवर कापतात. पावसाळ्यात निचरा नसेल तर त्यावर चेंडू नाही, बेडूक पळतात.

रंकाळाकाठ: जागा पन्हाळ्याच्या वाटेवर, 22 एकर. अजून झाला नाही. रिसॉर्टवर येणारी माणसं खेळणार. पहिल्या होलच्या उजव्या अंगाला डांबरी रस्ता आहे. चालतंय न्हवं?

तर्कट: 22 एकर??? पार 36 म्हणजे 3000 यार्डांच्या आसपास. हिशोब कर: तळं, क्लबहाऊस सगळं धरून रुंदीला 35 यार्डच वाट्याला येतात. सगळे पार 3 करा, पार 27. तेवढं बसतंय.

जुना कॅडी: उजव्या हाताच्या नवख्याचा चेंडू वळतो उजवीकडंच. म्हणजे पहिलाच फटका एस्टीच्या काचेवर. आणि नववा पश्चिमेला तोंड करून असेल तर संध्याकाळी सूर्य डोळ्यांत, चेंडू कुठं पडला ते देवालाच ठाऊक.

रंकाळाकाठ: नववा पश्चिमेलाच आहे. पण पार 36 चा बोर्ड छापून आलाय.

ऊसवाला: मग त्याच बोर्डावर खाली हेल्मेटचं पण छापा.