पॅरिसची गाडलेली बिएव्र: उघडायची की राहू द्यायची?

पाणवठा
सेन नदीला डाव्या तीरावर येऊन मिळणारी बिएव्र ही पॅरिसची दुसरी नदी. लांबी जेमतेम पस्तीसेक किलोमीटर. चामडं कमावणारे, रंगारी, परीट यांनी शतकानुशतकं तिच्यावर पोट भरलं आणि तिचं गटार केलं. दुर्गंधीला आणि रोगराईच्या धास्तीला कंटाळून शहराने तिला टप्प्याटप्प्याने झाकलं. १९१२ मध्ये उरलासुरला प्रवाहही जमिनीखाली गेला.

शहरातही तिचा थोडा भाग उघडावा ही मागणी जुनीच आहे. माझं मत, उघडावा. हद्दीबाहेर फ्रेनला २००३ मध्ये, लाय-ले-रोजला २०१६ मध्ये आणि त्यानंतर आर्केय-जाँतिईला तिने पुन्हा ऊन पाहिलं. म्हणजे अगदी वेशीपर्यंत आलीच आहे.

गवंडी
वेशीपर्यंत आली, पण आत कुठून येणार? शहरातल्या जुन्या पात्रावर कित्येक मीटर भराव आहे आणि भरावावर घरं आहेत. तिचं पाणीही सेनपर्यंत जुन्या वाटेने जात नाही, सांडपाण्याच्या जाळ्यात जातं.

दक्षिण कोरियातल्या सोलच्या चोंग्येचोन ओढ्याचे फोटो लोक नेहमी दाखवतात. तिथे वरचा उन्नत मार्ग पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा ओढा खुला केला. देखणा आहे, वादच नाही. पण त्यात वाहणारं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे. त्याला मी लांबट कारंजं म्हणेन.

शिवाय कुठली बिएव्र उघडणार? पॅरिसमध्ये तिला दोन फाटे होते. एक खोलगट भागातला, ‘मृत’ म्हणवला जाणारा. दुसरा ‘जिवंत’, गिरण्यांसाठी माणसाने उंचावरून फिरवलेला. बाराव्या शतकात सँ-व्हिक्टरच्या मठवाल्यांनी तर आपल्या जमिनीतून पाणी न्यायला वेगळाच कालवा काढला. ज्या नदीसाठी आपण हळहळतो तीच निम्मीअधिक हाताने खणलेली!

शेवाळ
गवंडींशी सहमत, पण कारण वेगळं. नदी गेली तरी तिने वसवलेलं गेलेलं नाही. गोबलँ घराण्यातले रंगारी पंधराव्या शतकात तिच्या काठी आले. त्यांच्या जागेवर १६६२ मध्ये राजाचा भित्तिपट विणण्याचा कारखाना उभा राहिला. माग आजही चालू आहेत. हिवाळ्यात काठच्या कुरणांत पाणी गोठायचं, ते बर्फ साठवायचे, त्यावरून त्या भागाला ग्लासिएर (म्हणजे बर्फघर) हे नाव पडलं. आता ते मेट्रोचं स्थानक आहे. फरशीत बसवलेल्या धातूच्या चकत्या जुना प्रवाह दाखवतात. (बिएव्र नावाच्या गल्लीत फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ राहायचे. तिथे पर्यटक नदीसाठी जात नसावेत.) हे एवढं असताना खोदकाम कशाला? तो पैसा सांडनळ्यांच्या दुरुस्तीला लावा.

पाणवठा
शेवाळ, दुरुस्ती होत नाही ती झाकण आहे म्हणूनच. पावसाच्या पाण्याच्या नळीला चुकून जोडलेली घरांची सांडनळी शोधायला कोण जातो? पाणी उघडं असलं की वास येतो, वास आला की तक्रार होते आणि मग नळी सापडते.

गवंडी
अहो, एकोणिसाव्या शतकात ती उघडीच होती की! वास अख्ख्या वस्तीला येत होता, तक्रारीही होत्या. त्यावर शहराने काय केलं? झाकली.

पाणवठा
तेव्हा कातड्याच्या कुंडांना पर्याय नव्हता, मैलाशुद्धीकरण बाल्यावस्थेत होतं. कारखाना हलवायचा तर शेकडोंचा रोजगार जायचा. आता दोषी आहे ती एकेका घराची चुकीची जोडणी. ती बदलायला प्लंबर पुरतो.

तिरकस
गारव्याचा मुद्दा अजून कुणी काढला नाही? २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं उष्म्याने दगावली.

शेवाळ
दोन-तीन मीटर रुंदीच्या ओढ्याने शहर थंड होत नाही. त्याच जागेत झाडं लावा, सावली तरी मिळेल.

पाणवठा
काठ असला की झाडंही लागतातच. बरं, सगळी नदी राहू द्या. पॅरिसमधलीच रने-ल-गाल बाग घ्या. ती दोन फाट्यांमधल्या बेटावर १९३८ साली केली, एकही घर पाडावं लागणार नाही.

गवंडी
बागेपुरतं चालेल, एका अटीवर. पाणी जाँतिईकडून आलेलं हवं, नळाचं नाही. जोराच्या पावसात मैला मिसळला की प्रवाह गटाराकडे वळवणारी झडप हवी. आणि त्या झडपेने वर्षातून किती दिवस प्रवाह गटाराकडे वळवला याची पाटी बागेच्या दारावर लावायची.