मदत हवी आहे : ट्रेनिंगसाठी पुणे की सांगली?

नमस्कार. मी बी.आर्कच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढच्या सेमिस्टरला ट्रेनिंग आहे आणि दोन ठिकाणांहून होकार आलाय. पुण्यातलं मोठं ऑफिस महिना आठ हजार देतंय, पण तिथे गेलेली आमची सीनियर म्हणते की सहा महिने तिने फक्त थ्रीडी व्ह्यूज केले. सांगलीत दोन माणसांचं ऑफिस आहे. तीन हजार मिळतील, साइट रोज. घरून जाऊन-येऊन करता येईल.

खरी अडचण वेगळीच आहे. मागच्या ज्युरीत (परीक्षकांसमोर डिझाइन मांडतात ती) सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुला डिझाइन जमत नाही, दुसरं काही बघ. तेव्हापासून स्पर्धा परीक्षेचा विचार डोक्यात घोळतोय. त्यात बाबा गवंडीकाम करतात. घरी शीट पसरली होती, त्यांनी सेक्शन (इमारतीचा उभा छेद) पाहिला, बोटाने पायऱ्या मोजल्या आणि म्हणाले, "पोरी, ह्या जिन्यावरनं वर गेल्याला माणूस फूटभर खालीच ऱ्हातोय की." मजला ३ मीटर, पायरी १५० मिमी उंच, म्हणजे २० चढ हवेत. मी १८ काढले होते. ज्युरीत ते कुणालाच दिसलं नव्हतं! हसू की रडू कळेना.

काय करू?

ओळंबा : बाबांना नमस्कार सांग. २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय, माझ्या पहिल्या नोकरीत मी काढलेलं दार थेट जिन्यावर उघडत होतं. सुताराने दाखवलं.
पुण्याला फोन करून एवढंच विचार : वर्किंग ड्रॉइंग (ज्यावरून साइटवर बांधकाम होतं ती) करायला देणार का? महिन्यातून किती वेळा साइटवर नेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. सांगलीचे आर्किटेक्ट कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेले आहेत ना आणि कॉलेज ते ट्रेनिंग धरणार ना, हेही आधी पक्कं कर. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. सही करायला माणूस पात्र नसेल तर सेमिस्टर वाया जाईल.

उंबरठा : ओळंबांशी अर्धीच सहमत. छोट्या ऑफिसात साहेब सज्जन असेल तरच शिकायला मिळतं. नाहीतर नगरपालिकेत फायली पोचवणं आणि बिल्डरला चहा विचारणं. (मी केलंय.) स्टायपेंड आणि वेळ मेलवर लिहून घे. आणि मुलगी म्हणून सांगते, साइटवर टॉयलेट कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचार. लाजून दिवसभर पाणी न पिता मी आजार ओढवून घेतला होता.

चौकट : सरांचं म्हणणं एका प्रोजेक्टपुरतं धर. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बघितलीस का? सात-सात घरांचा एकेक चौक, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलं की आज मूळ घर शोधावं लागतं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर जोतं, संडास-मोरी आणि एखादी खोली देऊन बाकी रहिवाशांवर सोडलं. त्यांना २०१८ साली प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक मिळालं. म्हणजे गवंडी आणि घरात राहणारा काय करतील हे ओळखणं हेही डिझाइनच. तुझ्या घरात ते शिकवणारा माणूस बसलाय आणि तू स्पर्धा परीक्षेचं काय घेऊन बसलीस?

उंबरठा : चौकट, परीक्षेला नावं ठेवू नका, नगररचना खात्यातही आर्किटेक्ट लागतात. फक्त ज्युरीच्या रागातून ठरवू नकोस, एवढंच.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. आज दोन्हीकडे फोन केले. पुण्याचं उत्तर : "वर्किंगचं नंतर बघू, आधी सॉफ्टवेअर किती येतं ते सांगा." सांगलीचे सर नोंदणीकृत आहेत, कॉलेजलाही चालतंय. टॉयलेटचं विचारलं तर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले शेजारच्या घरात सोय करून ठेवतो. सोमवारी स्लॅब आहे, सातला हजर राहा, सळईखालचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) तूच तपासायचे.

बाबांना सांगितलं तर त्यांनी न बोलता आपली जुनी टेप काढून दिली. पहिले दोन इंच तुटलेत, त्यामुळे मोजताना वजा करावे लागतात. नवीन घेतेच आहे. स्लॅबवर चालायला बूट कुठले चांगले? बजेट हजारापर्यंत.