फ्लश करता येणारं कॅट लिटर: सेप्टिक टाकी आणि जवळ विहीर असेल तर कोणतं घ्यावं?

खाडीकाठ (प्रश्न):
गुहागर तालुक्यात घर आहे. दोन मांजरं, दोन्ही घरातच असतात. सध्या बेंटोनाइटचं (एक प्रकारची चिकणमाती) कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायचे दाणे, वापरतो. कचरागाडी आठवड्यातून एकदा येते, पावसात तीही चुकते, म्हणून संडासात टाकता येईल असं काहीतरी शोधतोय. ऑनलाइन टोफू, मका, पाइन असे प्रकार दिसतात आणि तिन्हींवर 'फ्लशेबल' लिहिलेलं असतं. कमोडला ३/६ लिटरचा ड्युअल फ्लश आहे, ११० मिमीचा पाइप, मागे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. विहीर शोषखड्ड्यापासून साधारण १२ मीटरवर. जमीन जांभ्याची. घरात सून गरोदर आहे. यातलं कोणतं घ्यावं?

चिऱ्याचं_घर:
पिशवीवर काय छापलंय त्याआधी तुमचा फ्लश कुठे जातो ते बघायला हवं. 'फ्लशेबल' याचा अर्थ एवढाच, की माल ट्रॅपमधून (कमोडखालचं पाणी साचून राहणारं वळण) आणि पाइपमधून पुढे सरकेल. शहरात तो पुढे गटारात आणि मैलाशुद्धी केंद्रात जातो. तुमच्याकडे तो दहा-वीस फुटांवर तुमच्याच टाकीत थांबणार.

सेप्टिक टाकीत जड माल खाली गाळ होऊन बसतो, हलका वर साय धरतो आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. टोफूचे दाणे म्हणजे सोयाबीनचा चोथा, मक्याचा स्टार्च आणि गवार गम. पाण्यात ते सुटतात, पण सुटले म्हणजे नाहीसे झाले असं नाही. महिन्याला अडीच किलोची एकच पिशवी धरली तरी वर्षाला ३० किलो कोरडा माल टाकीत जातो, आणि तुमची मांजरं दोन आहेत. गाळ लवकर भरतो, मग तो मधल्या पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन जांभ्याची भोकं बुजवतो. टाकी उपसता येते, बुजलेला शोषखड्डा मात्र नवाच खणावा लागतो.

पाइनच्या कांड्यांचं वेगळं. त्या भिजल्या की भुसा होतो, भुसा तरंगतो, सायीत मिसळून टाकीच्या आउटलेटच्या टी-पाइपपाशी अडकतो. लाकूड टाकीत सहज कुजत नाही. सेप्टिक असेल तर पाइन संडासात अजिबात नको.

बेंटोनाइट पाण्यात कित्येक पट फुगतं आणि चिकट लगदा होतो, तो ट्रॅपच्या वळणातच बसतो. ट्रे धुतलेलं पाणीसुद्धा कमोडमध्ये ओतू नका, तळाची माती फडक्याने पुसून घ्या आणि मग धुवा. सिलिका जेलचं लिटरही मिळतं, ते तर विरघळतच नाही.

शिवाय १२ मीटर हे अंतर मुळातच कमी आहे. आयएस २४७० या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब ठेवायला सांगितलंय. जांभ्यात तर चिरांमधून, पोकळ्यांमधून पाणी पटकन वाहतं, मातीसारखं गाळलं जात नाही. कॅट लिटरचा निर्णय काहीही घ्या, विहिरीचं पाणी तपासून घ्या.

टोफूवाली:
वरचं सगळं पटतं, पण चिपळूण-रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहणारेही हे वाचतील, त्यांच्यासाठी. सोसायटीची टाकी मोठी असेल आणि ती वेळेवर उपसली जात असेल, तर टोफूचे फक्त लघवीचे गठ्ठे थोडे थोडे टाकायला माझी हरकत नाही. एका वेळी एकच गठ्ठा. कमोडमध्ये टाकून १५ ते २० मिनिटं सुटू द्या, मग पूर्ण ६ लिटरचा फ्लश. अर्धा फ्लश वापरला की लगदा आडव्या पाइपमध्ये थांबतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यावर आणखी बसतो. अख्खा ट्रे कधीच ओतायचा नाही.

नवी पिशवी आणली की आधी बादलीत तपासा. मूठभर दाणे पाण्याने भिजवून गठ्ठा होऊ द्या, तो दोन लिटर पाण्यात टाका, अर्ध्या तासाने काठीने ढवळा आणि रव्याच्या चाळणीतून ओता. चाळणीवर गोळे किंवा चिकट थर राहिला तर तो माल फ्लशसाठी नाही. टोफू म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात बेंटोनाइट मिसळलेलं असतं. ते ओळखायला गाळलेलं पाणी रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी राखाडी चिखल दिसतो.

कोकणात टोफूची खरी अडचण दमट हवा. जून ते सप्टेंबर पिशवी उघडी राहिली की बुरशी आणि टोके दोन्ही होतात. झाकणाच्या डब्यात ठेवा. ट्रेमध्ये ५ ते ७ सेंमीच थर घाला आणि पावसाळ्यात दोन आठवड्यांनी पूर्ण बदला. आंबूस वास आला तर त्याआधीच.

गुरांचा_दवाखाना:
लघवीचे गठ्ठे आणि विष्ठा यांत फरक करा. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या अंडपुट्या विष्ठेतून बाहेर पडतात. सुमारे १० ते १२ मायक्रॉनच्या या पुट्या क्लोरीनने मरत नाहीत आणि ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणून त्यांच्यापासून सुटका होत नाही, पाणी उकळावं लागतं. कॅलिफोर्नियात समुद्री ऑटरमध्ये (पाणमांजरात) हा संसर्ग सापडल्यावर २००६ साली कायदा झाला, आणि मांजराची विष्ठा संडासात टाकू नका अशी सूचना कॅट लिटरच्या पिशवीवर आली. त्यामुळे टोफूवालींचा सल्ला फ्लॅटमध्येही लघवीपुरताच धरा.

सुनेसाठी: गरोदरपणात हा संसर्ग नव्याने झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो, पण म्हणून मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. पुट्या बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोग्या व्हायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून विष्ठा रोज, चोवीस तासांच्या आत उचलायची. ते काम सुनेने न करता दुसऱ्या कुणीतरी करायचं. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, नवा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडे पुट्या टाकतं. घरातलं मांजर उंदीर-पक्षी खात नसेल आणि त्याला कच्चं चिकन-मटण मिळत नसेल तर धोका बराच कमी. घरच्यांनीही मटण नीट शिजवून खावं, भाजी धुऊन घ्यावी.

ट्रे उकळत्या पाण्याने धुवा. फिनेल वापरू नका, फिनॉलवर्गातली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात.

खाडीकाठ:
म्हणजे आमच्याकडे फ्लश बंदच. मग विष्ठा परसात पुरली तर चालेल का? आणि टोफू घेण्यात काही अर्थ उरतो का?

चिऱ्याचं_घर:
फ्लश करायचाच नाही तर टोफूसाठी जास्त पैसे नकोत. बेंटोनाइट शेवटी मातीच, पुरायला तेच सोपं. खड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्या, दोन फूट खोल, रोजच्या मालावर वीतभर माती. भाजीचे वाफे, अळूचा वाफा, पाण्याचा पाट यांच्या जवळ नको. घरगुती कंपोस्टमध्येही टाकू नका, या पुट्या मरायला ६० अंशांच्या वर उष्णता लागते आणि परसातल्या ढिगात ती सगळीकडे सारखी मिळत नाही.

हे पावसाळा सोडून. पाऊस लागला की पाणी खड्ड्यात वर येतं, तेव्हा पुरलेलं सगळं वाहून जाईल. ते चार महिने घट्ट झाकणाचा ड्रम पागोळ्यांपासून दूर, छपराखाली ठेवा. विष्ठा कागदात गुंडाळून पिशवीची गाठ मारून त्यात टाका आणि गाडी येईल त्या दिवशी वेगळी द्या. घर कातळावर असेल आणि दोन फूट खणताच येत नसेल, तर बारा महिने ड्रमच.