खासदार बोलतो कशाला? (आणि बाकावरचा फोम आला कुठून)

तिरफळ
परवा घरच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. लोकसभेत कोण किती बोललं, कोणी किती प्रश्न विचारले याचे तक्ते बघणं सोडा म्हणे. माझ्या वाडीत सभामंडप कोणी बांधून दिला एवढंच मी बघतो. खाली अठरा अंगठे. आमच्या मामांनी तर हात जोडले. मामांना रक्तदाब आहे म्हणून तिथे गप्प बसलो, ती वाफ इथे काढतोय.

सभामंडप खासदाराच्या खिशातून येत नाही हो. 1993 पासून खासदार निधी आहे, सध्या वर्षाला 5 कोटी. काम हा सुचवतो, मंजूर कलेक्टर कचेरी करते आणि पाटीवर फोटो ह्याचा. पंधरा-वीस लाख माणसांत 5 कोटी वाटले तर माणशी एक वडापाव येतो, तोही चहाशिवाय. त्यासाठी माणूस दिल्लीला पाठवायचा?

आता दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसता तेव्हा बुडाखाली काय असतं ते आठवा. 1974 मध्ये तिसऱ्या वर्गाची पाटी बदलून दुसरा वर्ग झाला, पण फळी लाकडाचीच राहिली. 1977 ला कोकणातल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळीवर दोन इंचांचा फोम चढला. 1974 च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही त्यांनीच. त्याआधीची सहा वर्षं हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक विरोधी बाकांवरून बोलत होता, मधे आणीबाणीत तुरुंगात. तेव्हा कोणी विचारलं नसेल, सभामंडप कुठाय म्हणून?

हिशेबनीस
तिरफळराव, उदाहरण तुम्हीच दिलंत आणि ते तुमच्याच अंगावर आलं. फोम मंत्र्याने दिला. भाषणाने नाही. सहा वर्षं बोलले तेव्हा फळी होती तशीच होती, खुर्ची मिळाली आणि दोन वर्षांत फोम आला.

कोकण रेल्वेचंही तेच. वर्षानुवर्षं मागणी, निवेदनं, चर्चा. महामंडळ झालं कधी? 1990 मध्ये. तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री कोण, तर तुमचे दंडवते. किल्ली हातात आली तेव्हा तिजोरी उघडली. बाकी लोकसभेतलं बोलणं म्हणजे कीर्तन. पुण्य लागतं, पोट भरत नाही.

आणि 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर तर बोलायचं ते मन लावून बोला, मत व्हिपप्रमाणेच, म्हणजे पक्षाच्या आदेशाप्रमाणेच द्यायचंय. खासगी सदस्याची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराची विधेयकं आजवर फक्त 14 मंजूर झाली, शेवटचं 1970 साली. शुक्रवारी दुपारी ती मांडतात तेव्हा सभागृहात कोण असतं? माझा मावसभाऊ गॅलरीत बसून आलाय. म्हणाला, आमच्या सोसायटीच्या सभेला जास्त माणसं असतात.

चाकरमानी
कोकण रेल्वेचं नाव काढलंत म्हणून आलो. तुमका फोमाचा पडला हा, आमका उभ्यान जावक जागा नाय! गेल्या गणपतीला पनवेल ते कुडाळ संडासाच्या दारात उभा राहून गेलोय. मुलगी बॅगेवर, बायको वर्तमानपत्रावर, आणि मखराचं थर्माकोल माझ्या डोक्यावर. गाडी कुठली ते सांगत नाही, सगळ्यांची तीच गत. 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण मार्ग सुरू झाला, अजून बहुतेक ठिकाणी एकच रूळ. समोरून गाडी आली की क्रॉसिंगला बसा डोंगर बघत. त्यात निम्म्या गाड्या आम्हाला टाटा करत केरळात जातात.

हिशेबनीस
बघा. हा माणूस खरं बोलतोय. यावर कोण बोललं लोकसभेत? आणि बोलून काय झालं?

तिरफळ
बोलत नाहीत हीच तर तक्रार आहे माझी! सभामंडपात मन रमलंय सगळ्यांचं.

माणदेशी पोर
राव, तुम्ही सगळे रेल्वेतच अडकलाय. आमच्याकडं रूळ लांब, पाणीच नव्हतं. माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची पोरांसाठी. तिला रोजगार हमी कळायची. खासदार, आमदार हे शब्द तिला फक्त मताच्या दिवशी.

तर ती हमी कोणाच्या डोक्यातली? वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती. आधी आपल्या भागात करून बघितलं, मग राज्यात. 1977 चा कायदा, 1979 पासून लागू. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. दिल्लीला हे सुचायला 2005 उजाडलं. त्याआधीही दुष्काळी कामं निघायची, पण ती मायबाप सरकारच्या मर्जीवर. कायदा झाल्यावर आजी तहसीलदारापुढं उभी राहून म्हणायची, काम दे न्हाईतर भत्ता दे. सभामंडपाबद्दल असं म्हणता येतंय का कोणाला?

हिशेबनीस
आजींना नमस्कार. पण दादा, पागे सभापती होते. सभापती सभागृहात भाषण करत नाही, "शांत राहा, खाली बसा" एवढंच म्हणतो. म्हणजे इथेही काम झालं ते सभागृहाबाहेर, सरकारला पटवून. शिवाय तुमच्याकडच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेली माणसं खडी फोडायची, हेही सांगा की.

माणदेशी पोर
फोडायची. आमचा मुकादम तर सख्ख्या मेव्हण्याला तीन गावांत हजर दाखवायचा. म्हणून योजना वाईट? आणि पैसा कुठनं आला? व्यवसाय कर, 1975 पासनं. तुमच्या पगारातनं महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात ना, तो आजीच्या मजुरीसाठी सुरू झाला. तो कर सभागृहात मंजूर झाला, का तुमच्या सोसायटीच्या सभेत?

हिशेबनीस
व्यवसाय कर आठवून दिल्याबद्दल आभारी आहे. आता दर महिन्याला आजी आठवतील.

चाकरमानी
मुद्दा राहिला बाजूला. मुंबई-गोवा महामार्ग! 2011 पासून काम चालू. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आता कॉलेजात आहे. खड्डा तोच.

गोरेगावकरीण
चाकरमानी भाऊ, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा हो, मी पण येईन शिव्या घालायला.

हिशेबनीस, सत्ता नसताना काय होतं ते ऐका. आमच्या आईच्या पिढीला गोरेगावात नळाला पाणी नव्हतं. मृणालताई गोरेंनी बायका रस्त्यावर उतरवल्या, म्हणून त्या पाणीवाली बाई. 1972 ला आमदार, 77 ला खासदार. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा आई अजून हसत सांगते.

हिशेबनीस
मोर्चा, ताई. पाणी मोर्च्याने आलं. भाषणाने नव्हे. तुम्ही सगळे माझीच बाजू मांडताय.

गोरेगावकरीण
अर्धंच ऐकायची सवय दिसते तुम्हाला. पुढे परत विधानसभेत गेल्या तेव्हा गर्भलिंग तपासणीविरुद्ध अशासकीय, म्हणजे तुमचं ते खासगी सदस्याचं विधेयक आणलं त्यांनी. विरोधी पक्षात होत्या, हातात किल्ली नाही, शिपाई नाही. 1988 ला महाराष्ट्रात कायदा झाला, केंद्राचा 1994 ला. मला धाकटी बहीण आहे. आमची आत्या आईला त्या वेळी "तपासून घे" म्हणत होती. आईने नाही ऐकलं, ती तशी ऐकणाऱ्यातली नव्हतीच. पण सगळ्या आया तशा नसतात, आणि कायदा त्यांच्यासाठी असतो. याला कीर्तन म्हणून दाखवा.

हिशेबनीस
कायदा शेवटी सरकारनेच आणला, त्यांचं विधेयक नव्हे. पण ठीक. ते विधेयक नसतं तर सरकार हललं नसतं, हे मान्य. एक दिला. बहिणीला नमस्कार सांगा.

बाकी माझा प्रश्न उभाच आहे. दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा निवडून आले, बरोबर? रेल्वेचं महामंडळ 1990 ला झालं आणि 1991 ला त्याच राजापूरने त्यांना पाडलं. भाषणाला किंमत असते तर?

तिरफळ
त्याची लाज आपल्याला वाटायला हवी, त्यांना नाही.

चाकरमानी
आमच्या बापाने तेव्हा दंडवत्यांना मत दिलं नव्हतं. रेल्वे सुरू झाली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिकीट काढून रत्नागिरीपर्यंत उगाच जाऊन आला. खिडकीत बसून घरी येईपर्यंत बोलला नाही. विचारलं तर म्हणाला, बोगद्यात काय दिसत नाय.

हिशेबनीस
चाकरमानी, हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढा वाद घातला नसता. कदाचित.

माणदेशी पोर
तिरफळ, मामांच्या ग्रुपवर टाकणार का हे सगळं?

तिरफळ
मामांनी आत्ताच नवीन ढकलपत्र टाकलंय. हायमास्टचा, म्हणजे चौकातल्या उंच दिव्याच्या खांबाचा फोटो आहे. दिवा लागलेला नाही.

चाकरमानी
गणपतीचं बुकिंग आता 60 दिवस आधी, सकाळी आठला. ज्याचं नेट बरं आहे त्याने दोन तिकिटं आमची पण काढा रे. कुडाळ. खालचा बर्थ, फोमवाला.